थोडक्या रजेतली वारी: सासवड ते तरडगाव

आळंदी ते पंढरपूर पालखीच्या वाटेने साधारण 250 किलोमीटर, आणि मुक्काम धरून अठरा-एकोणीस दिवस. एवढी सलग रजा नोकरदार माणसाला मिळते ती लग्नाला, नाहीतर ऑपरेशनला. म्हणून मग बहुतेक जण दिवे घाटाचा एक दिवस पकडतात. पहाटे हडपसरला रस्त्यावर उतरायचं, घाट चढायचा, फोटो काढायचे आणि रात्री सासवडमधून परतीचं वाहन शोधत फिरायचं. त्यात वाईट काही नाही. पण त्या दिवशी आजूबाजूला आपल्यासारखेच एका दिवसाचे पाहुणे फार असतात. वारकरी पहाटे कसा उठतो, कुठे जेवतो, संध्याकाळी तळावर काय करतो, यातलं काहीच दिसत नाही.

मला आणि माझ्या नणंदेला मुक्काम करत चालायचं होतं. ताई वयाने मोठ्या आणि हुकूमही त्यांचाच. "रात्री घरी येऊन गादीवर झोपायचं असेल तर मी येत नाही," असं त्यांनी चैत्रातच सांगून टाकलं होतं. रजा जेमतेम आठवड्याची. तेव्हा कुठून कुठपर्यंत चालायचं एवढाच प्रश्न उरला.

नकाशा पुढे घेतला आणि उत्तर आपोआप मिळालं. सासवड सोडलं की जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. पाय, पोट किंवा घरचं काही बिघडलंच तर स्टेशन गाठून परत येता येतं. दुसरं म्हणजे टप्पे. पुणे ते सासवड हा वाटेतला लांबलचक टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात घाट आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. सवय नसलेल्याने सुरुवातच तिथून केली तर पुढचे दिवस पाय धरून बसण्यात जातात. सासवडला पालखी दोन रात्री थांबते. दुसऱ्या संध्याकाळी तिथे जाऊन दिंडीला मिळायचं, मग जेजुरी साधारण सोळा किलोमीटर, वाल्हे बारा, लोणंद वीस आणि शेवटी तरडगाव जेमतेम आठ. दिवे घाट आम्ही मुद्दाम गाळला. ओळखीतल्या निम्म्या लोकांना ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

तारखांबद्दल एक सांगते, कारण रजेचा अर्ज त्यावरच टाकायचा असतो. सगळं तिथीवर चालतं. 2025 ला आषाढी एकादशी 6 जुलैला होती, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे ती 25 जुलैला. मागच्या वर्षीचं कॅलेंडर बघून रजा टाकली तर पालखी आळंदीतच असायची. लोणंद आणि फलटण इथले मुक्कामही तिथीच्या वाढ-क्षयाप्रमाणे कधी एका रात्रीचे, कधी दोन रात्रींचे होतात. म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक जाहीर झालं की आधी ते बघावं.

दिंडी मात्र बरीच आधी ठरवावी लागते. ताईंच्या माहेरच्या ओळखीतून परभणीकडची एक दिंडी मिळाली, रथामागची. दिंडीत भिशी, म्हणजे वारीपुरती वर्गणी, भरली की दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, तंबूत जागा आणि ट्रकमध्ये सामान एवढी सोय होते. आकडा दिंडीगणिक वेगळा. थोडे दिवस येणाऱ्यांना सगळेच घेतात असं नाही, त्यामुळे आधीच मोकळेपणाने विचारावं. आम्हाला एकच अट सांगितली: "पहाटे उठवायला कोणी येणार नाही."

सासवड

एसटीने दुपारी पोचलो. सासवडात शिरल्यावर पहिला प्रश्न, आपला ट्रक कुठाय? शेकडो ट्रक, सगळ्यांवर ताडपत्री, सगळ्यांवर पताका. दिंडीचा क्रमांक, आणि दिंडी रथापुढची की रथामागची, एवढं पाठ असलं की कोणीही वाट दाखवतं. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीच्या ट्रकवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. नुसतं "परभणीची दिंडी" म्हणून विचाराल तर सहा माणसं सहा दिशा दाखवतील.

तंबूत गेलो. दिंडीचालकांनी नाव, घरचा फोन नंबर वहीत लिहून घेतला आणि गळ्यात अडकवायला एक ओळखपत्र दिलं. बायकांचा तंबू वेगळा. आत सतरंज्या, प्रत्येकीच्या वाट्याला एक हात रुंद जागा. माझ्या शेजारी गंगाखेडच्या एक आजी. "जनाबाईच्या गावची हाय मी," हे त्यांनी नावाच्याही आधी सांगितलं. पुढचे सगळे दिवस आमचा ताबा त्यांच्याकडेच होता. ताईंचा हुकूमसुद्धा त्यांच्यापुढे चालला नाही.

संध्याकाळी सोपानकाकांच्या समाधीला गेलो. माउलींच्या या धाकट्या भावाची पालखी माउलींचा मुक्काम सासवडला असतानाच वेगळ्या वाटेने पंढरीला निघते. आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती. रांग मोठी होती, तरी देवळाच्या आवारात बसायला जागा मिळाली आणि पावसाची एक सर अंगावर घेऊन परत आलो.

सासवड ते जेजुरी

तीनच्या सुमाराला तंबूत भांडी वाजायला लागली. आंघोळ म्हणजे टँकरच्या नळाखाली बादली, भोवती चार बायकांनी धरलेल्या साड्या. हे कसं जमणार याची मला घरी फार काळजी होती. प्रत्यक्षात अंधार असतो, थंडी असते आणि मागे रांग असते, लाजायला वेळच मिळत नाही. फिरत्या शौचालयांचंही तेच. तीनला गेलात तर रांग नाही, पाचला गेलात तर अभंग पाठ होईपर्यंत उभं राहावं लागतं.

सामान उजाडायच्या आत ट्रकवर चढवावं लागतं, कारण तंबू गुंडाळून ट्रक पुढे निघून जातो. पाठीवर ठेवायचं ते इतकंच: पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पाकिटं, सुके मोजे, टॉवेल आणि डोक्यावरून घ्यायला प्लास्टिकचा कागद. रेनकोट आम्ही नेला होता. तो आतून घामाने भिजतो आणि बाहेरून पावसाने. वारकरी डोक्यावर खोळ करून जो कागद घेतात तो तळावर कुठेही मिळतो, आणि बसायलाही उपयोगी पडतो.

दिंडीत चालण्याची एक रीत असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे मृदंग, विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका आणि त्यांच्यामागे आम्ही. टाळकरी दोन पावलं पुढे टाकून थबकतात, वळतात, परत पुढे सरकतात. त्यामुळे वेग कमी आणि उभं राहणं जास्त. घरी आम्ही रोज आठ-दहा किलोमीटर झपाझप चालायचा सराव केला होता. तो कामी आला, पण पाय दुखले ते थांबण्याने. सराव करायचाच तर लागोपाठ दोन दिवस चालावं आणि मधेमधे मुद्दाम उभं राहावं.

यमाई शिवरीला दुपारचं जेवण. आचारी आधी पोचलेले, पंगत बसलेली: वरण, भात, चपाती आणि लाल तर्रीची आमटी. वर गावातल्या बायका टोपलीतून भाकरी आणि ठेचा घेऊन पंगतीतून फिरत होत्या. "माउली, एक घ्याच" म्हणत ठेवलेली भाकरी नको म्हणायची सोय नसते.

साकुर्डे मागे पडलं आणि लांबून जेजुरीचा गड दिसला. तसे दिंड्यांतून खंडोबाचे अभंग सुरू झाले. विठ्ठलाचं नाव घेत आलेली माणसं "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत गावात शिरतात, आणि वरून भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या जातात. ओल्या कपड्यांवर भंडारा बसला की बसला. पांढरे कपडे घालून जेजुरीत शिरू नका, किंवा मग हौसेने शिरा. माझा कुर्ता अजून पिवळा आहे.

गडावर जावं का? वर जाणारे बरेच होते. आम्ही गेलो नाही. दिवसभर चालल्यावर त्या पायऱ्या गुडघ्याला भारी पडतात आणि दुसऱ्या दिवशी परत चालायचं असतं. खंडोबा एरवीही रेल्वेने दीड-दोन तासांवर आहे.

रात्री ताईंच्या टाचेला आलेला फोड आजींनी कंदिलासारख्या बॅटरीच्या उजेडात तपासला. पिशवीतून सुई काढली, सुती दोरा ओवला, सुईचं टोक काडीपेटीवर लाल केलं. फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. वरून खोबरेल. "रातभर पाणी गळून जाईल, उद्या चालायला मोकळी," एवढं बोलून स्वतः उशाला पिशवी घेऊन घोरायलाही लागल्या.

जेजुरी ते वाल्हे

हा छोटा दिवस, आणि मला सगळ्यात आवडलेला. दौंडजच्या खिंडीत सकाळची न्याहरी असते. आसपासच्या गावांतून लोक भाकरी, पिठलं, चटणी, मोडाची उसळ घेऊन येतात आणि डोंगराच्या उतारावर जिथे जागा मिळेल तिथे पंगती बसतात. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. एक गाडी सावकाश गेली आणि खिडक्या-खिडक्यांतून हात जोडलेले दिसले.

दुपारच्या सुमारास वाल्ह्यात पोचलो. वाल्मीकी ऋषी इथलेच, असं गाव मानतं. मुक्कामाला लवकर पोचल्यावर अख्खी दुपार हातात असते, आणि पहिल्यांदा चालणाऱ्याला ती फार लागते. कपडे धुतले, दोरीवर टाकले, पावसाने परत भिजवले. ताईंची टाच दाखवायला वैद्यकीय पथकाच्या तंबूत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने टाचेतला दोरा बघून कपाळाला हात लावला. "हे असं करू नका हो, जंतू आत जातात," म्हणत दोरा काढला, औषध लावलं, पट्टी बांधली. बाहेर आजी उभ्याच. "काढला का दोरा? पाणी गेल्यावर काढायचाच असतोय." दोन्ही पक्ष समाधानात. पण पहिला सल्ला डॉक्टरचाच घ्यावा, हे तंबू प्रत्येक मुक्कामाला असतात.

पालखी तळावर आली की समाज आरती होते. ती दिंडीबरोबर उभं राहून बघायला मिळाली, आणि एका दिवसाच्या वारीत हे हुकतं याची फार चुटपुट लागली असती. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत तळाभोवती उभ्या. मधे चोपदार, हातात चांदीचा दंड. त्यांनी दंड उंचावला की एका क्षणात टाळ थांबतात. त्या दिवशी एका दिंडीचे टाळ थांबले नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. आजी म्हणाल्या, "कळलंय की. त्यांची तक्रार हाय." चोपदार त्या दिंडीपाशी गेले, काहीतरी बोलणं झालं आणि मगच टाळ थांबले. अर्ज नाही, कागद नाही. गाऱ्हाणं ऐकेपर्यंत वाजवत राहायचं.

मग हरवलं-सापडलंची घोषणा. एक चष्मा, एक पैशांची पिशवी, दोन मोबाइल आणि एक कवळी. कवळीचा मालक लगेच पुढे आला तेव्हा हसू आवरायला मलाच नाही, चोपदारांनाही कष्ट पडले.

मोबाइलचं निघालंच आहे तर, गर्दीत नेटवर्क मिळत नाही, मिळालं तर बॅटरी नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं की फोन रात्रीच येईल, तोही आला तर. आणि चुकामूक झाली तर शोधत न फिरता थेट ट्रकपाशी जायचं, हे सोबतच्या माणसाशी निघतानाच ठरवून ठेवावं. बायकांसाठी आणखी एक. पाळीच्या तारखा जुळून आल्या तर पॅड आणि ते गुंडाळायला जाड कागद घरूनच न्या. आमच्या दिंडीतल्या बायका अशा दिवसांत विण्यापासून लांब राहत, पण चालत होत्या. त्याची चर्चा कोणी करत नव्हतं.

वाल्हे ते लोणंद

पाऊस गेला आणि ऊन आलं. पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक 965. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झालाय, गर्दीला पुरतो, रथही सुरळीत जातो. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. उन्हात तापलेला काँक्रीट आणि सावली नाही, हे गणित रस्ता आखणाऱ्याने पायी चालून केलेलं दिसत नाही. दुपारनंतर आम्ही दोघी मातीच्या कडेने चालत होतो. टोपीपेक्षा ओला पंचा डोक्यावर बरा पडतो.

इथे कुठेतरी विणेकरी बदलले. विणा जमिनीवर ठेवायची नसते आणि चालताना ती अखंड वाजती राहायची असते, त्यामुळे एकाच्या खांद्यावरून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमचे विणेकरी बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या जागी विशीतला एक मुलगा आला, कृषी पदविकेचं शिकणारा. बाबांनी विणा त्याच्या गळ्यात घातली, आणि मग त्या म्हाताऱ्याने वाकून त्या पोराच्या पायांना हात लावला, पोराने त्यांच्या. रस्त्याच्या मधोमध, गर्दी चालू असताना, चार-पाच सेकंदांत सगळं उरकलं. टाळाचा ठेका चुकला नाही.

नीरेला दुपारचा विसावा. जेवण होऊन पालखी निघाली की नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. घाटाच्या जवळपास जायची आशा ठेवू नका. आम्ही पुलावरून, दहा खांद्यांच्या फटीतून पाहिलं ते इतकंच: पाणी, पताका, वर उडालेले हात. पूल संपला की पुणे जिल्हा संपतो. पाडेगावला सातारा जिल्ह्याकडून स्वागत, भाषणांचा आवाज, आणि पुन्हा रस्ता.

शेवटच्या चार-पाच किलोमीटरला माझे पाय उचलेनात. आजी मागून आल्या. "कामून पाय ओढायलीस? वर बघू नको, म्होरच्या बाईच्या टाचांकडं बघ." मी पुढच्या बाईच्या टाचांकडे बघत लोणंद गाठलं. टाचा भेगाळलेल्या, एकीला पिवळा भंडारा अजून चिकटलेला.

लोणंदची रात्र मला आठवत नाही. जेवल्याचंसुद्धा ताई सांगतात म्हणून मान्य करते.

लोणंद ते तरडगाव

पालखी दुपारी निघते, त्यामुळे सकाळ मोकळी. लोणंद स्टेशनवर जाऊन परतीच्या गाडीच्या वेळा पाहून आलो. परतीचा दिवस असा आधी बघून ठेवला की पुढे डोक्याला ताप राहत नाही.

चांदोबाचा लिंब इथे वाटेतलं पहिलं उभं रिंगण. रस्त्यावरच दिंड्या दोन बाजूंना सरकतात आणि मधे वाट मोकळी होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन घोडे. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणीच नाही, कारण तो माउलींचा. आधी नुसता गलका ऐकू आला, मग टापा, आणि मला नीट दिसायच्या आत दोन्ही घोडे समोरून रथाकडे गेले. रथापाशी माथा टेकवून त्याच वाटेने परत. मोकळ्या खोगिराचा घोडा अगदी हाताच्या अंतरावरून गेला. त्याच्या मानेवरच्या हारातली फुलं तुटून रस्त्यावर पडत होती. घोडे गेल्याबरोबर माणसं टापांखालची माती उचलायला वाकली. आजींनी ती कपाळाला लावली, मग ताईंच्या, मग माझ्या, आणि उरलेली रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवली, घरी राहिलेल्या सुनेसाठी. मग फुगड्या. बांधलेल्या टाचेसकट ताई फुगडी खेळल्या. आदल्या दिवशी त्याच टाचेने मला लोणंदपर्यंत ऐकवलं होतं.

जागा धरण्याबद्दल: रथाच्या अगदी जवळ चेंगराचेंगरी होते. दिंडीच्या ओळीत उभं राहिलात तर तुम्ही आपोआप कडेला असता आणि घोडे समोरून जातात. एकट्याने आलेल्यांना ही सोय नाही.

तरडगावला शेवटचा मुक्काम केला. पहाटे दिंडी फलटणच्या दिशेने गेली आणि आम्ही उलट्या बाजूला, लोणंदकडे. पालखीच्या काळात रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या गर्दीतून बराच वेळ पायीच जावं लागलं. येणारा प्रत्येक जण विचारत होता, "माउली, उलटं कुठं?" एका दूधवाल्याने शेताच्या आतल्या रस्त्याने दुचाकीवर थोडं पुढे सोडलं. ज्यांना परतायचंय त्यांनी हा अर्धा दिवस हिशोबात धरावा, गाडीची वेळ घासून ठरवू नये.

निघताना भिशीचा हिशोब काढला. आम्ही थोडेच दिवस होतो म्हणून दिंडीचालकांनी पूर्ण भिशी घेतली नव्हती, आणि ताई जास्तीचे पैसे त्यांच्या हातात ठेवत होत्या. ते घेईनात. शेवटी ते पैसे अन्नदानात लिहिले गेले. आजी तेवढ्यात पुढच्या वर्षीचं विचारून मोकळ्या झाल्या. ठरलंय असं, की तरडगावपासून माळशिरसपर्यंत चालायचं. फलटण, बरड, नातेपुते असे मुक्काम आहेत आणि सदाशिवनगरचं गोल रिंगण वाटेत पडतं. फलटणला आता रेल्वे आली आहे, पण त्यापुढे एसटीवरच भिस्त. म्हणून या वेळी रजा दोन दिवस जास्तीची मागायची आहे, आणि भिशी पूर्ण भरायची आहे.